मांडवात मोजलेलं समाधान

पेठकडच्या एका पाड्याला मी सुखी ठरवलं. ती चूक होती. ती ज्यांनी निस्तरली त्या शैलाताई गेल्या महिन्यात गेल्या. फोन आला तेव्हा मी सातपूरच्या बसथांब्यावर होतो. दोन बस सोडल्या आणि तिसरीत चढलो ती नेमकी उलट्या दिशेची.

आमच्या सरकारी कार्यालयात ताई मोजणीप्रमुख, मी त्यांचा सहायक. विहिरी, रस्ते, शाळा मोजण्यात आमची हयात चाललेली. त्या वर्षी वरून हुकूम आला, की लोक समाधानी आहेत का तेही मोजा. दहापैकी गुण लिहा, जिथे गुण कमी तिथे निधी आधी. मला वाटलं, यापेक्षा सोपं काम नाही. घरोघर कोण हिंडणार? मी पाड्यातल्या लग्नाची तारीख काढली. अख्खा पाडा एका मांडवात. पंगत उठल्यावर अर्ज काढले, "जगणं कसं चाललंय?" म्हणत फिरलो. जो तो म्हणे, "बेस हाय." मी नऊ-नऊ लिहीत गेलो. एका म्हाताऱ्याला तर दहा दिले. तो नवरीचा आजा निघाला.

ताईंनी अर्ज चाळले. "सगळे दुपारी दोन ते चारमधले. जेवायला काय होतं रे?"

"भात, आमटी, बुंदी."

"मग हे गुण बुंदीचे आहेत."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पाड्याची नळयोजना निधीच्या यादीत वर होती, माझ्या नऊ-नऊ गुणांनी ती तळाला नेली होती आणि आठ दिवसांत यादी मंजूर व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्या मला घेऊन निघाल्या. पाणी खाली दरीत, झऱ्यावर. बायकांना थांबून बोलायला सवड नव्हती, म्हणून ताई त्यांच्याबरोबर चालू लागल्या, डोक्यावर एक हंडा घेऊन. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, गुडघे धरलेली बाई... समाधान हा शब्द त्यांनी काढलाच नाही. एवढंच विचारायच्या, "काल उठल्यापासून काय काय केलंस, सांग." सगळ्यांत पुढे चालणारी हिराबाई सांगत गेली, मग दुसरी, तिसरी. कुणाच्याच दिवसात नुसतं बसणं नव्हतं. दुसऱ्याच खेपेला मी रिकाम्या हातांनी धापा टाकत दगडावर टेकलो. ताई चार दिवस अशा चढत-उतरत राहिल्या, आणि मी बघत राहिलो. माणसाचं सुख मोजायला इतकं ओझं उचलावं लागतं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "पहिली मोजणी कुणी केली?" मी फायलीत तोंड घातलं. "माझ्या विभागानं. चुकली," ताई म्हणाल्या आणि त्या बायकांचा दिवस तास-तास करून वाचायला लागल्या. कपातला चहा निवत गेला, कुणी हात लावला नाही. योजना पुन्हा वर आली.

परवा ताई गेल्याची बातमी सांगायला मी पाड्यावर गेलो. हिराबाई दारातल्या नळाखाली भांडं धरून होती. ऐकलं, तिनं नळ बंद केला, ओट्यावर बसली. पदरानं हात पुसत राहिली. सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाकी सगळं बरं ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाई गेली म्हून सांगतोस अन् बरं हाय का इचारतोस? सायेब, तुला अजून इचारताच येत नाय."