जुन्या रुळांची वाट

ऋतिका घाडी पळायची, हे वाडीतल्या लहान पोरांना आता सांगावं लागतं. त्यांनी तिला सोप्यावरच्या खुर्चीतच पाहिलंय. लोंढ्याजवळच्या या वाडीतून ती सकाळी स्टेशनापर्यंत पळत जायची आणि रेल्वेने बेळगावला कॉलेज गाठायची. मैदानातल्या शर्यतीत तिचं मन रमत नसे. चढ, ओढे, शेतांचे बांध असले की तिच्या पायांत वारं शिरायचं. क्रॉसकंट्रीत ती जिल्ह्यात पहिली आली, त्या दिवशी थोरला भाऊ सौरव तिला मोटरसायकलवरून घरी आणत होता. खानापूर मागं पडलं, जंगल सुरू झालं आणि एका वळणावर चाक वाळूवरून घसरलं. सौरवला नुसतं खरचटलं. ऋतिकाचा कणा मोडला. कमरेखालचं शरीर तिला परत कधी जाणवलं नाही.

तिला दवाखान्यातून घरी आणल्यावर सौरवने बेळगावजवळच्या मच्छेच्या कारखान्यातली लेथवरची नोकरी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. "तिचं मी बघतो," एवढंच म्हणाला आणि वाडीत पिठाची गिरण टाकून बसला.

घाडींचं घर उंच जोत्यावर आहे. दारातून अंगणात उतरायला दगडी पायऱ्या. सौरव तिला पाठुंगळी घेऊन खाली न्यायचा, मग वर जाऊन चाकांची खुर्ची आणायचा. आईने, मंगलने, एकदा विषय काढला, की पायऱ्यांवर उतार बांधून घेऊया. सौरव म्हणाला, "कशाला? मी हाय की." विषय तिथंच संपला.

तो कधी कंटाळला नाही. पुढे माझी ओळख वाढल्यावर ऋतिका मला म्हणाली होती, "एकदा जरी वैतागला असता ना, तर मी भांडले असते. त्यानं भांडायची जागाच ठेवली न्हाय." अंगणातल्या फणसाखाली जाऊन बसावं एवढी साधी इच्छा झाली, तरी आधी गिरणीचा आवाज थांबलाय का ते ऐकायचं. मग तो जेवलाय का बघायचं. मग त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं, आज सांगावं का नको. हळूहळू ती इच्छाच कमी करत गेली. पाणीसुद्धा बेताने प्यायची. सोप्यावरून समोरची टेकडी दिसायची. तिच्यावरून जाणारी पायवाट ऋतिकाला दगडन्‌दगड पाठ होती. काही दिवसांनी तिने खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितली.

अशातच बेळगावहून रविराज आले. टिळकवाडीत त्यांचं वकिलीचं ऑफिस, आणि रविवारी गडकिल्ले फिरणाऱ्या मंडळाचे ते सेक्रेटरी. माणूस मनापासून चांगला. ते म्हणाले, "ऋतिका, तुला आम्ही गडावर नेणार. तू फक्त हो म्हण. उचलायला आमची पोरं आहेत."

ती हो म्हणाली. कितीतरी दिवस आनंदात होती.

गडाच्या पायथ्याशी तिच्या गळ्यात हार घातला. दोन बांबूंना खुर्ची बांधली आणि पोरांनी घोषणा देत ती खांद्यावर घेतली. वर चढताना तिला फक्त आभाळ आणि समोरच्या पोराच्या मानेवरचा घाम दिसत होता. पायाखालची वाट दिसलीच नाही. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वजन हाय रं चांगलंच," आणि दुसरा हसला. वाईट हेतूने नव्हे. पण तिने श्वास आत ओढून धरला, जणू त्याने वजन कमी होणार होतं.

वर बुरुजावर खुर्ची ठेवली, चाकांना दगड लावले, फोटो झाले. मग मंडळी पलीकडच्या उतारावर टाकं बघायला गेली. सौरवलाही आग्रहाने घेऊन गेली. "तू इथं निवांत बस, इथून व्ह्यू मस्त दिसतो," रविराज म्हणाले.

खुर्चीचं तोंड दरीकडे होतं. वाकून दगड काढावेत तर पुढे उतार. मागे वळावं तर चाक हलेना. ऊन डोक्यावर आलं. लघवीची पिशवी भरत आली होती आणि ते सांगायला आजूबाजूला कुणी नव्हतं. असतं तरी त्या अनोळखी पोरांना कसं सांगणार? गळ्यातल्या झेंडूवर माश्या बसू लागल्या. एवढ्या उंचावर, एवढ्या उघड्यावर बसून तिला घरातल्या भिंतीची आठवण आली. निदान भिंतीकडे तोंड करता येत होतं.

खाली आल्यावर तिने गळ्यातला हार काढून ठेवला. आठवड्याने रविराजांचा फोन आला, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गडाचा बेत आहे म्हणून.

"सर, मला परत उचलू नका," ती म्हणाली.

"काही चुकलं का आमचं?"

"न्हाय. तुम्ही लई केलंसा. पण मी गडावर गेले न्हाय, मला गडावर ठेवलं. मला वाट पायजे. बारकी असली तरी चालंल, पण माझी मी जाईन अशी."

रविराज दुखावले. सौरव त्यांच्याहून जास्त. त्या दिवशी तो जेवलाच नाही. "माणसं एवढी राबली तुझ्यासाठी," एवढं बोलून गिरणीवर गेला.

वडील भावकू सगळं ऐकत होते. ते रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दोन दिवस विचार करून ते लेकीला म्हणाले, "वाडीच्या मागं जुनी लाइन हाय बघ. रुंद रूळ टाकले तवा ती सोडून दिली. गाडीला लई चढ झेपत न्हवता, म्हणून डोंगराला वळसा घालून सावकाश नेलीया. इंजिनाला झेपलं ते तुझ्या चाकाला का झेपायचं न्हाय?"

रूळ केव्हाच उचलले होते. उरली होती ती घाणेरीने भरलेली एक सपाट पट्टी. ती डोंगराच्या कडेने जायची, जांभ्या दगडात कापलेल्या एका खिंडीतून पलीकडे निघायची आणि ओढ्यावरच्या मोडक्या पुलाशी संपायची. भावकू आणि मंगलने कोयते घेऊन सुरुवात केली. लोंढ्याच्या हायस्कुलातले दीपंकर सर त्यांना येऊन मिळाले. ते निपाणीचे. आजी-आई तंबाखूच्या वखारीत राबल्या आणि त्यांनी ह्यांना शिकवलं. लहानपणी पोलिओने एक पाय गेलेला, कुबडीवर चालणारे, आणि हाताने चालवायच्या सायकलीवर शर्यत लावायचं वेड असलेले. जंगलातली जागा, म्हणून परवानगी लागणार होती. त्यासाठी ते कितीदा खानापूरला गेले. "प्रत्येक साहेब म्हणतो, कल्पना उत्तम आहे, वरच्या मजल्यावर जाऊन भेटा," ते हसत सांगायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेवटी परवानगी आली. फक्त दिवसा, आणि वाटेच्या तोंडाशी साखळी लावायच्या अटीवर. एका रविवारी रविराजही मंडळाची पोरं घेऊन आले, फावडी घेऊन. ऋतिकाजवळ येऊन अवघडून म्हणाले, "उचलणार नाही. खोदलं तर चालेल ना?" ती बऱ्याच दिवसांनी हसली. घाणेरी निघाली, मुरूम पडला, धुमसाने ठोकून पट्टी घट्ट केली.

पहिल्या दिवशी सगळे साखळीपाशी जमले. ऋतिकाने चाकांना हात लावला आणि खुर्ची पुढे गेली. खरोखरच चढ जाणवत नव्हता. पण थोडं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण जोर लावतोय त्यापेक्षा खुर्ची जास्त पळतेय. तिने मागे पाहिलं. सौरवचा हात खुर्चीच्या मुठीवर होता.

"हात काढ, अण्णा."

"चाल की तू. मी नुसता धरलाय."

"काढ म्हटलं ना."

"घसरलीस तर?"

तेव्हा तिच्या तोंडून ते गेलं. "त्या दिवशी तू घसरलास. मी न्हवते घसरले."

इतक्या वर्षांत घरात कुणी ते बोललं नव्हतं. सौरवने हात काढला. तो वाटेच्या कडेला एका दगडावर बसला. "जा," म्हणाला. "मी हितंच बसतो. हालणार न्हाय."

ऋतिका गेली. वळण आलं आणि माणसं दिसेनाशी झाली. अपघातानंतर पहिल्यांदाच ती अशा ठिकाणी होती, जिथे तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. रडू येत होतं, पण हात थांबले नाहीत. खिंड लागली. दोन्ही बाजूंना काळपट तांबडे उभे कडे, त्यांच्या अंगावर नेचे, आणि मधून खुर्चीपुरती मुरमाची पट्टी. कडेला पाण्याचे चर. आत गारवा होता. ती निम्म्यापर्यंत गेली असेल, तेवढ्यात समोरच्या तोंडाशी उजेड कमी झाला.

गवा होता. एकटा नर, खिंडीच्या तोंडाएवढा वाटावा असा. गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, मान खाली. त्याने फुस्सकन श्वास सोडला, तो तिला अंगावर आल्यासारखा वाटला.

तिने ब्रेक लावला. वळायला जागाच नव्हती. वाट करताना सगळ्यांनी उताराचा, मुरमाचा विचार केला, खुर्ची परत कशी फिरेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. ओरडावं तर तो बिथरेल. फोनला इथे रेंज नसते. पळणारे पाय समोर मेल्यासारखे पडलेले. ती त्याच्याकडे न बघता त्याच्या पायांकडे बघत राहिली आणि मनात एकच धावा करत होती, अण्णा ये, अण्णा ये, शब्द मोडून ये.

कुणी आलं नाही.

गव्याने कडेचा नेचा ओरबाडला, सावकाश चावला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग जड अंग वळवून पुलाच्या बाजूला निघून गेला. बराच वेळ त्याची चाहूल येत राहिली. मग तीही थांबली. ऋतिकाने ब्रेक काढला आणि उलट्या दिशेने चाकं ढकलायला सुरुवात केली. मान वळवून वळवून बघत, दोनदा चराच्या काठावरून चाक परत ओढत, ती पाठमोरी खिंडीतून बाहेर पडली. तळहात सोलून निघाले होते.

सौरव त्याच दगडावर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिला पाठमोरी येताना पाहून तो उठला, पण पुढे आला नाही.

"का आला न्हाईस?" ती ओरडली.

"तूच नको म्हटलीस."

"गवा होता तिथं!"

सौरव मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ऋतिकाने खुर्ची त्याच्याजवळ नेली. दोघं किती वेळ तशीच होती, काही बोलली की नाही, हे तिने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात खिंडीच्या आत आणि अलीकडे कडा कोरून खुर्ची फिरेल एवढी जागा केली. दीपंकर सरांनी आपली सायकल आणली. आता रविवारी बेळगाव-निपाणीकडून माणसं येतात. काठी टेकत येणारे आंधळे आजोबा, जयपूर फूट लावलेली एक मुलगी, तिची थकलेली आई. साखळीशी राखणदार बसतो. गव्यांची चाहूल असली तर वाट बंद.

सौरव मच्छेला परत गेला. जायला ऋतिकानेच त्याला सांगितलं, चांगलं समजावून. आणि तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात आलं, की आता आपल्याला पायऱ्यांवरून खाली कोण नेणार? वडिलांची कंबर धरलेली, आईच्याने उचलवत नाही. रान तिच्यासाठी खुलं झालं होतं आणि अंगण बंद. उतार बांधून होईपर्यंत कितीतरी दिवस ती सोप्यावरून जुन्या लाइनीकडे जाणाऱ्या लोकांच्या गाड्या बघत बसली. काही जण हात करायचे. तीही करायची.

आता उतार आहे. पण पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं, वाटेवरचा मुरूम वाहून जातो, वाट चार महिने बंद राहते. त्या दिवसांत ती कुणाशी फारसं बोलत नाही. मी एकदा आषाढात गेलो होतो. चहा झाला, पाऊस कोसळत होता, आणि ती म्हणाली, "पळायची तवा पाऊस कधी आडवा आला न्हाय. आता सगळंच आडवं येतंय. लोक म्हणतात, एवढी वाट झाली, आता खूश अस. मी खूश हाय. पण पुलापाशी गेले की चाकं थांबवावी लागत्यात. पलीकडं लाइन तशीच पुढं गेलेली दिसती, आणि मला माघारी फिरावं लागतं."

"मग पुलापर्यंत जायचं टाळत का नाहीस?" मी विचारलं.

"टाळून कुटं जाऊ?" ती म्हणाली.

दिवाळीनंतर वाट उघडली. मुरूम नवा टाकायला सौरव सुट्टी काढून आला होता. काम संपल्यावर त्याने फावडं कडेला ठेवलं आणि बहिणीला विचारलं, "येऊ का संगट?"

ऋतिकाने जरा विचार केला. "ये. पण पुढं चाल."

तो पुढे निघाला. चालताना मागे वळून बघायचं नाही, हे त्याला फार जड जात होतं. त्याची मान ताठरलेली होती. ती त्याच्या मागोमाग खिंडीत शिरली.