बडोद्याचे तीन दिवस

जानेवारीत तीन दिवस बडोद्याला जायचं, असं मी आणि माझा नवरा दर हिवाळ्यात ठरवतो. नाताळ आटोपला, पाहुणे आपापल्या घरी गेले, की मी शाळेतले जुने पाठकोरे कागद काढते आणि बेत लिहायला बसते. इतकी वर्षं शिक्षिकेची नोकरी केल्यावर मला कागदावर आखल्याशिवाय बाजारालाही जाता येत नाही. नवरा त्यावरून चिडवतो. म्हणतो, बडोद्याची तपासणी करायला निघाली आहे बाई.

लग्नानंतरची आमची सात वर्षं बडोद्यात गेली. तो तिथे एका कारखान्यात फिटर होता. एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, वर पत्रा. मी वसईजवळच्या वटार गावी वाडीत वाढलेली, थंडी म्हणजे पहाटे चादर ओढून घ्यायची एवढंच मला ठाऊक. खरी थंडी मला बडोद्याने दाखवली. शेजारच्या गुजराती बाईने उंधियू शिकवला आणि माझा पहिला बिघडला तेव्हा तो गुपचूप स्वतःच्या घरी नेऊन खाल्ला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की आम्ही सेव-उसळ खायचो आणि मग कमाटीबागेत उन्हात बसायचो. कुणी आम्हाला ओळखत नसे, त्याचंच मला अप्रूप. गावात रस्त्याने निघालं तर प्रत्येक दारातून विचारणा होते, कुठे चाललीस म्हणून.

आमची पहिली मुलगी तिथे झाली आणि अकरा महिन्यांची होऊन तिथेच गेली. तापाचं निमित्त झालं. गावाहून माणसं पोहोचली ती दुसऱ्या दिवशी, तोवर तिथल्याच दफनभूमीत आम्ही तिला ठेवली होती. पुढे दोन वर्षांनी सासऱ्यांना वाडी झेपेना, म्हणून आम्ही परत आलो. येताना भांडी, गाद्या, शिवणयंत्र सगळं टेम्पोत भरून आणलं. ती तेवढी तिथे राहिली. मुलगा नंतर इथे झाला. तो आता विरारला असतो. बहीण होती हे त्याला माहीत आहे, त्यापुढे त्याने कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, आमच्याकडे प्रत्येक घर आपापल्या कबरी धुऊन पुसून फुलांनी सजवतं. ज्यांची माणसं दुसरीकडे पुरलेली असतात, ते दफनभूमीच्या मधल्या मोठ्या कुरसाखाली, म्हणजे क्रॉसखाली, मेणबत्ती लावतात. कुणाचं माणूस आखातात गेलेलं, कुणाचं आणखी कुठे. मी दरवर्षी तिथे लावते, आणि दरवर्षी मला शेजारच्या बायकांचा हेवा वाटतो. त्यांना घासायला दगड तरी आहे. हे मी कबुलीजबाबातही फादरना सांगितलेलं नाही.

बडोद्याला जायचं ते यासाठी. उंधियू, कमाटीबाग, पतंग हे सगळं खरंच, पण मला तिची कबर एकदा हाताने धुवायची होती. इथे आल्यावर आम्ही एकदाच जाऊन आलो, मुलगा लहान असताना. त्यानंतर दर जानेवारीत काहीतरी निघायचं. एका वर्षी विहिरीचा पंप बंद पडला. एकदा चुलतभावाच्या घरचं लग्न. एका वर्षी माझा पाय प्लास्टरमध्ये असताना नवरा कारखान्यातल्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला एकटाच बडोद्याला जाऊन आला. आल्यावर म्हणाला, गर्दी फार होती, तिकडे जायला जमलं नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्यानंतर तर त्याची कारणं आणखीच वाढली. काकडीला पाणी कोण देणार, म्हणाला एकदा. मी म्हटलं, काकडी काय तुझी सख्खी मुलगी आहे का? तो उठून वाडीत गेला. तेव्हा मला वाटलं, टोमणा बरा लागला.

यंदा मी त्याला न विचारताच मुलाकडून तिकिटं काढून घेतली आणि बेताचा कागद त्याच्यापुढे ठेवला. पहिल्या दिवशी सकाळी, सामान ठेवलं की आधी दफनभूमी. बाकी सगळं नंतर. दुपारी मी जेवणाची भांडी आवरून ओटीवर आले, तर त्याने पेन्सिलीने खाडाखोड केलेली. दफनभूमी उचलून तिसऱ्या दिवशी, गाडीच्या आधी टाकली होती आणि पुढे लिहिलं होतं, वेळ मिळाला तर.

माझं डोकं फिरलं. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, ती लिहिली तर बाहेरच्यांना कळायची नाही, म्हणून साध्या मराठीत लिहिते.

"वेळ मिळाला तर?" मी म्हटलं. "मग चाललोय कशाला? सेव-उसळ खायला?"

तो बाजारासाठी चाफ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तिथे आता काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"दुसरं माणूस आहे त्या जागी. कुणी म्हातारा. वर संगमरवर बसवलाय."

त्या लग्नाच्या वेळी तो दफनभूमीत गेला होता तर. सकाळीच गेलो होतो, म्हणाला, फुलं घेऊन.

कबर पुन्हा उघडतात हे मला नवं नाही. जागा अपुरी, त्यामुळे आमच्या गावातही काही वर्षांनी उघडतात. पण आधी घरी निरोप येतो, घरचं कुणीतरी जाऊन उभं राहतं, फादर प्रार्थना म्हणतात. "आपल्याला कळवलं कसं नाही त्यांनी?" मी ओरडलेच.

त्याने फडक्याला गाठ मारली. मग म्हणाला, "कळवलं होतं. पत्र परत गेलं."

बडोदं सोडताना चर्चच्या कचेरीत पत्ता द्यायला मीच गेले होते. मी लिहून दिलं होतं, नवऱ्याचं नाव, वटार, वसई. बस्स. घराचं नाव नाही, आळी नाही, पिनकोड नाही. गावात कुणालाही विचारलं तर हाताला धरून दारापर्यंत आणून सोडतील, याच हिशेबात मी. माझ्या नवऱ्याच्या नावाची माणसं गावात निदान पाच असतील. आपण सगळे एकमेकांना घराच्या नावाने ओळखतो, हे तेव्हा सुचलंच नाही. परत आलेलं ते पाकीट कचेरीत त्याला दाखवलं होतं, फाईलला लावलेलं. त्यावर पत्ता म्हणून माझेच शब्द होते.

"म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "तुला लागेल म्हणून."

इतकी वर्षं हा माणूस मोठ्या कुरसाखाली माझ्या शेजारी उभा राहून मेणबत्ती धरत होता आणि मी त्याला काकडीवरून टोमणे मारत होते. मी खाली बसले आणि रडले. रडण्याची मला लाज वाटली, आणि मारलेल्या टोमण्यांची त्याहून जास्त. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला चाफ्याचा वास होता, तो मला नको झाला, पण मी तो हात काढला नाही.

मग मी विचारलं, "तिचं काय केलं त्यांनी? कुठे ठेवली तिला?" आमच्याकडे काढलेल्या अस्थी एका बाजूला राखलेल्या जागेत ठेवतात. तिथेही तशी जागा असणार.

"मी विचारलंच नाही," तो म्हणाला. "माझ्याने विचारवलं नाही."

तिकिटं आम्ही रद्द केलेली नाहीत. त्याने खोडलेलं मी पुन्हा पहिल्या दिवशी लिहिलं, आणि दफनभूमीच्या ऐवजी चर्चची कचेरी असं लिहिलं. आत विचारायला मी जाणार आहे. त्याला बाहेर थांबायचं असेल तर तो थांबेल.