नावाड्यांच्या तीन वह्या

खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. अडखळायची ती इरेकची.

इरेक पोलंडमधल्या लुब्लिनच्या ट्रॉलीबस डेपोत तारा जोडायचा. तेहतीस वर्षांचा, पंजे हे एवढे, पण 'मी' म्हणायलासुद्धा त्याला तीनदा सुरुवात करावी लागे. दर शनिवारी दुपारी कांद्याचे पाव घेऊन तो आमच्या टेबलाशी यायचा. आमचा खेळ असा, की प्रत्येकाने कुणाचं तरी सोंग घ्यायचं, त्याच्या तोंडचं आपण बोलायचं, आणि केलेलं साधलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. खेळ चालवणारा मास्तर मी, वितेक. इरेकची पाळी आली की "चला, चहा टाका, वेळ आहे," हा विनोदही माझाच. सगळे हसायचे, इरेकही हसायचा.

ते शहाण्णव साल. नियमांची पुस्तकं इंग्रजी, आमच्यापर्यंत पोहोचायच्या त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. नवी मोहीम, म्हणजे शनिवारमागून शनिवार चालणारी एकच गोष्ट, सुरू करण्याआधी आमची बैठक बसायची. ज्याला जे पुस्तक खेळात हवं, त्याने ते टेबलावर मांडायचं, आणि कुठलं चालेल, कुठलं नाही, ते मास्तरने सांगायचं. अट एकच, मास्तरने ते अथपासून इतिपर्यंत वाचलेलं हवं. न वाचता नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या हिवाळ्यात इरेकने कुठूनतरी नदीवरच्या नावाड्यांचं सोंग घ्यायच्या नियमांचं पुस्तक मिळवलं आणि शब्दकोश उशाला घेऊन सगळंच्या सगळं पोलिशमध्ये उतरवलं. चौकटीच्या तीन वह्या भरल्या. त्याने आमच्याकडे आजवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. वह्या माझ्या हातात देताना म्हणाला, "म... मला नावाडी व्हायचंय. ब... बघ ना जमतंय का." तेवढ्यानेही त्याला घाम फुटला. मी म्हटलं, बघतो की.

डोंबलाचं बघितलं. तीन आठवडे वह्या रेडिओवर पडून होत्या. माझी मोहीम डोंगरातली, आधीच आखलेली, त्यात आता नदी कोण घुसवणार? शिवाय तारा जोडणाऱ्याने केलेलं भाषांतर मी काय वाचायचं, असंही मनात होतं. हे सांगतानाही लाज वाटते.

बैठकीत वह्यांची पाळी आली. आमच्यात तेओदोरा म्हणून एक शाळेतल्या बाई होत्या, नियमाला पक्क्या. त्यांनी मला सरळच विचारलं, "वाचल्यास ना रे?"

"वाचल्या तर. पण हे नावाडी पाण्यावरून चालतात. एवढी ताकद एकट्याला दिली तर बाकीच्यांनी काय माशा मारायच्या?" मी बेधडक ठोकून दिलं.

बाई इरेककडे वळल्या. "खरंच चालतात का रे पाण्यावरून?"

इरेकने माझ्याकडे पाहिलं. ओळन् ओळ त्याच्या हातची होती. माझे कान तापले. आता हा काय ते सांगणार, म्हणून मी खाली बघत बसलो.

"च... चालतात," इरेक म्हणाला. "वितेक बरोबर बोलतोय. मी आपला साधा शि... शिपाई होईन."

वह्या परत द्यायला गेलो तर म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच. आणि पाव वाटायला उठला.

दुसऱ्या दिवशी मी पहिली वही उघडली. पाण्यावरून चालायचा तिन्ही वह्यांत पत्ता नव्हता. पहिल्याच पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: नावाडी बोलत नाहीत. ते हातांनी खुणा करतात, आणि त्या समजून घेणं हे बाकीच्यांचं काम. पुढे बेचाळीस खुणांची चित्रं होती, इरेकने पेन्सिलीने काढलेली.

पुढच्या शनिवारी 'मी वाचल्या नव्हत्या' एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं. पण मास्तरकी जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. दोन वर्षं ती मोहीम चालली. दर शनिवारी शिपायाची पाळी यायची, इरेक "मी ह... ह..." करत मान ताणायचा, आणि मी समजूतदार चेहरा करून तो बोलायची वाट बघत बसायचो.