खिडकीतला कप

सोमनाथने उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी घाईघाईने केल्या. एक लग्न, ते निभावलं. दुसरी म्हणजे सोमवारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ.

गंगापूर रोड धरून शहराबाहेर पडलं, की गुलाबाची शेडनेटं सुरू होतात. तिथलंच हे गाव. नाशकात भाजी टाकून परतताना सोमनाथ लेकीला, तेजूला, घ्यायला सुवर्णाबाईंच्या बालवाडीत थांबला. पोरं ‘हॉटेल-हॉटेल’ खेळत होती. चिमाजीअण्णांचा नातू समर्थ कमरेला फडकं बांधून खोटाखोटा चहा वाटत होता. सोमनाथला उमाळा आला. त्याने मोबाइल काढला, शूटिंग केलं, खाली तीन टाळ्या लावल्या आणि सोडून दिलं. काय सोडलं ते पाहायचे कष्ट त्याने जेवता जेवता घेतले, आणि जेवण तिथेच अडलं.

समर्थने सगळ्यांच्या हातात कप दिले. मोहिनीची पाळी आली, तसा त्याने एक कप नेऊन खिडकीत ठेवला. मोहिनी नाल्यापलीकडच्या वस्तीवरची.

“मला हितंच दे ना,” ती म्हणाली.

त्यावर हा पाच वर्षांचा मालक अगदी आपुलकीने सांगतो, “तुझ्या आईचा कप आमच्याकडं खिडकीतच असतो. तू तिकडं पी.”

मोहिनीची आई चिमाजीअण्णांच्या मळ्यात फुलं तोडते. तिचा कप खिडकीत असतो हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं. पण ठाऊक असणं निराळं आणि ग्रुपवर येणं निराळं.

व्हिडिओत पुढे बाई आल्या. रागावल्या नाहीत. “मालक, मलाही आज खिडकीतला द्या,” म्हणत खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग पोरांचं ते नेहमीचंच. बाईंना खिडकीतला, तर आम्हालाही! हॉटेल ओस आणि खिडकीत रेटारेटी. समर्थ बावरला. “मग आत कोण बसणार?” त्याने विचारलं. तेवढ्यात सोमनाथला कांद्याच्या अडत्याचा फोन आला आणि व्हिडिओ संपला. समर्थने सगळे कप गोळा करून आत आणले आणि मोहिनीला शेजारी बसवलं, हे गावाने पाहिलंच नाही.

सुवर्णाबाई मूळच्या चांदवडकडच्या. बावीस वर्षं झाली लेकरांत. पाढे-बिढे पहिलीत शिकवतीलच, त्याआधी पोरांनी खेळावं, हा त्यांचा हट्ट. जुन्या साड्यांच्या बाहुल्या त्यांनीच शिवल्या. पोरं सगळ्यांत काळी बाहुली कोपऱ्यात फेकायची. बाईंनी भाषण दिलं नाही. तिला दवाखान्याची डॉक्टरीण केलं. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात रांग लागली. बालवाडीत खोट्या पोळ्या लाटून दत्तू घरीही लाटणं मागायला लागला, तेव्हा त्याची आजी वत्सलाबाई भांडायला आली होती.

“बाई, पोरगं लाटणं मागतंय हो!”

“द्या की, आजी. भूक काय फक्त पोरींनाच लागते?”

आजी हसत घरी गेली होती. तेव्हा गाव हसत होतं.

आता ग्रुप गप्प झाला. पहाटे पाचपासून एकमेकांना गुलाब पाठवणारी ही माणसं. सोमवारनंतर एकही गुलाब फुटेना. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, अंगठा कोणीच दाखवला नाही. सोमनाथने तो पुसला, पण बाण सुटल्यावर भाता लपवून काय उपयोग? रस्त्यात लोक त्याच्याकडे बघून मोटारसायकल हळू करायचे आणि न बोलता पुढे जायचे.

बालवाडीत सव्वीस मुलं होती. मंगळवारी सतरा आली. बुधवारी नऊ. कुणाला सर्दी, कुणी मामाच्या गावाला. एका आठवड्यात इतके मामा याआधी कधी उगवले नव्हते.

गुरुवारी चिमाजीअण्णा स्वतः आले. बालवाडीची खोली त्यांचीच. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आनंदाने दिलेली. एरवी चपला बाहेर काढायचे. आज चपलांसकट उंबऱ्यात उभे राहिले. बाहेर सोमनाथ तेजूचा हात धरून थिजला.

“बाई, माझ्या नातवाला काय शिकवलंत हे?”

“मी नाही शिकवलं, अण्णा. तो शिकूनच आला होता.”

आतली नऊ पोरं खेळता खेळता थांबली.

“उद्या संध्याकाळी देवळापुढं लोक जमतील,” अण्णा शांतपणे म्हणाले. आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. “तिथं सांगायचं, की ते तुम्ही पढवलेलं नाटक होतं. आमच्या घरात असलं काही चालत नाही.”

“आणि नाही सांगितलं तर?”

 अण्णांनी दाराची कडी दोनदा वर-खाली करून पाहिली.

“गंजलीय,” ते म्हणाले. “नवी बसवून घेऊ. कुलपासकट.”

शुक्रवारी सकाळी तेजूला खोकला झाला. निदान सोमनाथने गल्लीत तसं सांगितलं. तेजू घरात दोरीच्या उड्या मारत होती. दहाच्या सुमाराला कोथिंबिरीची जुडी घेऊन तो बालवाडीत गेला. सुवर्णाबाई शाडू मळत होत्या. भोवती चार पोरं होती, त्यांत मोहिनी.

“बाई, म्हणून टाका ना नाटक होतं,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “एका वाक्याचा तर प्रश्न हाय. खोली वाचेल.”

“आणि हिला काय सांगू?” बाईंनी मान न वळवता मोहिनीकडे बोट केलं. बोटाला माती होती.

सोमनाथने जुडी या हातातून त्या हातात घेतली. “चूक माझी हाय. मला झोप नाही, बाई. मी तुमच्याच बाजूनं हाय बरं का. मनातून. पण गावात राहायचंय, अण्णांच्या विहिरीवरून माझी पाइपलाइन जाते, म्हणून जरा...”

बाईंनी मातीचा गोळा पाटावर आपटला.

“सोमनाथभाऊ, तेजूला उद्या पाठवता का नाही, तेवढं बोला.”