पिनांवरचं हळदीकुंकू

खंडेनवमीला कामाच्या वस्तूंना हळदीकुंकू वाहायचं, हा आमच्या घरचा नेम. मुलाचं कापडाचं दुकान नवी पेठेत. तिथल्या कात्र्यांची आणि मीटरच्या पट्टीची पूजा तो आणि सूनबाई करतात. घरातली विळी, शिवणयंत्र आणि पाण्याची मोटर माझ्याकडे. गेल्या नवमीला मी आपल्या अकलेनं त्यात एक भर घातली. नातीचा कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं टेबलभर पसारा येईल. हा पत्त्यांच्या जोडाएवढा होता. हिरवी उघडी पाटी, तिच्यावर बारीक काळे चौकोन, कडेला सोनेरी पिनांच्या दोन रांगा, टाचण्या खोचून ठेवल्यासारख्या. नवाच निघालाय, नात म्हणाली, आणि एका बऱ्यापैकी चादरीच्या किमतीत येतो. टीव्हीला जोडून ती त्यावर जुने टीव्ही गेम चालवणार होती, तिच्या बापाच्या लहानपणी असायचे तसले. बटणांचा रिमोटसुद्धा तिनं स्वतः वायरींना डाख देऊन तयार केलेला.

दिसायला खेळ, पण खेळ नव्हता. नात बारावीला. तिला पुण्याला जाऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं होतं, आणि बापानं अट घातली होती. "नवमीला दुकान मिटवून दोन वाजता येतो. हातानं केलेलं एक यंत्र माझ्यासमोर चालवून दाखव. चाललं तर पुणं. नाही चाललं तर इथंच बीकॉम करायचं आणि गल्ल्यावर बसायचं. परत विषय काढायचा नाही." माझ्या मुलाला विजेच्या खेळण्यांचा जुना तिटकारा. त्याचं मूळ मी आहे, हे त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सकाळी दहाला नात झेंडू आणायला बाजारात गेली. टेबलावर पाटी मांडलेली, तिच्यावर बारीक लाल दिवा लागलेला. मला वाटलं, पोरीचं सगळं पुणं हिच्यावर टेकलेलं, आणि विळीला कुंकू अन् हिला नाही, हे काही बरं नव्हे. तांब्यात जास्वंद बुडवली, पाणी शिंपडलं. हळद ओली करून पिनांवर बोट टेकलं. वर कुंकू. वर चिमूटभर अक्षता. डोळे मिटून हात जोडले, आणि डोळे उघडले तर लाल दिवा नव्हता.

कुंकवाखाली झाकला असेल म्हणून बोटानं पुसलं. मग पदरानं. मग पदराचं टोक ओलं करून पुसलं, यावरून काय ते समजा. दिवा काही लागेना. पाटी जागच्या जागी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ चढवली. आपण काहीच केलं नाही असा चेहरा करायची मला जुनी सवय आहे.

ती सवय ज्या बाईनं लावली तिचं सांगते. वय बत्तीस, वेणी कमरेपर्यंत, अक्कल वेणीच्या टोकाला. तिच्या भावानं भाच्याला टीव्ही गेम आणून दिला होता. मुलगा शाळेत गेला की ही बाई दाराला कडी लावून तो खेळायची. वरून विटा पडायच्या, त्या फट न ठेवता रचायच्या. मांडणीवर भांडी लावणारीला ते जमणारच. रोज दुपारी. दोनदा दूध उतू गेलं, एकदा भाकरीचा कोळसा झाला. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठं असतंय गं तुझं?" तेव्हा बाईसाहेबांनी मोठा निश्चय केला. दारावर बोहारीण आली होती. जुन्या साड्यांच्या ढिगावर तो गेमही ठेवला आणि स्टीलचं पातेलं घेतलं. मन आपलं आवरेना, आणि खेळ घालवला पोराचा!

पोराला सांगितलं, बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय. "कुठं?" त्यानं विचारलं. तोंडाला येईल त्या रेडिओवाल्याचं नाव सांगितलं, नवी पेठेतल्या. मग शाळा सुटली की दर शनिवारी पोरगं तिथं जायचं. "माझा गेम झाला का?" तो माणूस म्हणायचा, कसला गेम? सहा महिने हे चाललं. शेवटी त्यानं हाकलून लावलं. तेव्हापासून मुलाचं मत कायमचं झालं, असल्या वस्तू बिघडतात आणि बिघडल्या की परत येत नाहीत.

ते पातेलं अजून आहे. माझी डाळ त्यातच शिजत होती.

साडेअकराला नात आली. पाटी बघितली. वायर काढून घातली. दुसरा चार्जर आणला. मेमरी कार्ड काढून फुंकर मारून परत घातलं. मी दारातून बघत होते, हातात पळी.

"काल रात्री तर चाललं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मीच काहीतरी चुकीचं जोडलं असणार. मला येतच नाही हे. पप्पा बरोबरच म्हणतात."

एवढं नसती म्हणाली तर कदाचित मी गप्पच राहिले असते. पण दर शनिवारी नवी पेठेत जाणारं ते पोरगं मला टेबलापाशी बसलेलं दिसलं.

"तुझं नाही चुकलं," मी म्हणाले. "मी पूजा केली त्याची."

"कसली पूजा?"

"साधीच. पाणी, हळद, कुंकू."

"आज्जी! चालू असताना पाणी?"

"तांब्या नाही ओतला काही. फुलानं शिंपडलं."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. पांढरी पडली. "बोलू नकोस आता. तुझ्या इन्शुलिनचं स्पिरिट आण आणि एक जुना ब्रश. पळ."

गुडघ्यांना न विचारता मी पळाले. ती एकेक पीन ब्रशनं घासू लागली. कापसाला पिवळं येत होतं, लाल येत होतं, संपत नव्हतं. मी पुठ्ठ्यानं वारा घालत घड्याळाकडं बघत होते. दोनला वेळ होता. पण खाली स्कूटर थांबली ती एक वाजताच. सूनबाई दुकान आवरायला मागं राहिली होती, मुलगा एकटाच वर आला.

"काय, चालू आहे?"

"बंद पडलंय, पप्पा."

"कशानं?"

नातीनं माझ्याकडं एकदा बघितलं. "पाणी गेलंय." तेवढंच. माझं नाव घेतलं नाही.

"सांगितलं होतं मी. असल्या वस्तूंचं हेच." तो चप्पल काढत म्हणाला. "आई, पानं घे. विषय संपला."

"संपला नाही," मी म्हणाले. "पाणी मी घातलं. बस तिथं. अजून एक आहे."

आतून ते पातेलं आणलं, डाळीसकट, आणि त्याच्यासमोर ठेवलं. बोहारीण सांगितली. दुपारच्या विटा सांगितल्या. दाराची कडीसुद्धा सांगितली. नातीचा ब्रश मध्ये एकदा थांबला आणि परत चालू झाला.

तो पातेल्याकडं बघत म्हणाला,

"म्हणजे त्या दुकानात गेम नव्हताच."

"नव्हता."

"आई, मी त्या माणसाला चोर म्हणालो होतो. भर बाजारात. तो असेपर्यंत मी त्याच्या दुकानावरनं कधी गेलो नाही. लांबून वळसा घालत होतो."

मी पातेलं उचललं आणि डाळ परत बारीक गॅसवर ठेवून आले.

"पप्पा," नात म्हणाली, मान वर न करता, "मोबाईलचा उजेड धरा की जरा. इथं."

त्यानं धरला. तिनं बारीक चिमट्यानं कार्डाच्या खाचेतून काहीतरी ओढून काढलं. तांदळाचा अर्धा दाणा, कुंकू लागलेला.

"यामुळं बंद पडलं?"

"यामुळं कार्ड पुरतं बसत नव्हतं. बंद पडलं ते पाण्यामुळं. दोन पिना आतल्या आत जोडल्या गेल्या, म्हणून यानं आपली वीज तोडली असेल. तसं असेल तर परत येईल. जळलं असेल तर नाही."

"आणि जळलं असेल तर?"

"तर कुठं जळलं ते शोधीन."

रडत म्हणाली नाही, जोरातही नाही. माझ्या मुलाचा हात उजेड धरून तसाच राहिला. अर्धा तास पाटी पंख्याखाली वाळत होती आणि तो तिला विचारत होता, हा चौकोन कशाचा, ही पीन कुठं जाते. गेम गेल्यापासून असा प्रश्न त्यानं कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

तिनं चार्जर उचलला.

"थांब," तो म्हणाला. "दिवाळी झाली की पुण्याला मुलींचं वसतिगृह बघायला जाऊ. हां, आता लाव."

लाल दिवा लागला. टीव्ही काळाच राहिला. मग कोपऱ्यात पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि वरून पहिली वीट पडायला लागली.

मुलगा खेळायला बसला. काय तो खेळ! सगळीकडं फटी. मला माफ केलं का, हे मी त्याला विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. पण फटी मला बघवेनात.

"सरक तिकडं," म्हणून मी रिमोट घेतला.

चार रांगा सफाचट केल्या. मुलगा आ वासून बघत होता. मग नातीला म्हणाला, "जा गं, आधी गॅसवर काय आहे ते बंद करून ये."