सातवा मजला, लिफ्ट बंद

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्टवर त्याचा काडीचा विश्वास नाही. कुणाकडे जेवायला गेलो तरी हा आधी लिफ्टच्या भिंतीला कान लावतो, मान हलवतो, आणि पानावर बसल्यावर यजमानांना सांगतो, "जपून वापरा हं." ती माणसं त्या दिवसापासून जिना चढायला लागतात. वहिनी म्हणते, आम्हाला कुणी बोलवत नाही याला यांचा स्वभाव कारणीभूत नाही, यांचा कान आहे. मला विचाराल तर दोन्ही.

मागच्या वर्षी आमच्या घरमालकाला त्याची जागा मुलासाठी हवी झाली आणि आमची घरशोधणी सुरू झाली. आम्ही म्हणजे दादा, वहिनी, आई आणि मी. वहिनी शिवणाच्या कारखान्यात जाते, मी चष्म्याच्या दुकानात. तिघांचे पगार एकत्र केले तरी या शहरात दोन खोल्या मिळवताना नाकी नऊ येतात. परवडेल ते घर बघवत नव्हतं आणि बघवेल ते परवडत नव्हतं. एक घर व्यायामशाळेच्या बरोबर खाली होतं; आम्ही बघत असतानाच वरून कुणीतरी वजन खाली टाकलं आणि दिव्यातली धूळ वहिनीच्या डोक्यावर आली. दुसऱ्या घरात स्वयंपाकघराच्या मधोमध खांब होता. एजंट म्हणाला, "याला टेकून बसता येतं." तिसरं घर चांगलं होतं, पण इतकं लांब, की कामावरून पोचेपर्यंत परत कामाला निघायची वेळ व्हावी.

त्यात दादाच्या अटी. कुठल्याही इमारतीत गेलो की आम्ही घर बघायचो आणि हा लिफ्ट. "या दोरावर माझी आई चढणार नाही," असं म्हणून त्यानं निदान पाच घरं नाकारली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून लिफ्ट हवीच. आणि दादाला तिच्यातली खोट दिसते, म्हणून लिफ्ट नकोच. एजंट बिचारा भला माणूस होता, पण त्यालाही शेवटी राहवलं नाही. म्हणाला, "साहेब, तुम्हाला घर हवंय की दोर?"

शिवाय दादाची आणखी एक अट होती. आपण काय काम करतो ते नव्या शेजाऱ्यांना कळता कामा नये. आधीच्या ठिकाणी ते कळलं होतं, आणि मग लोक त्याच्याकडे पंखे आणायचे, मिक्सर आणायचे, एका काकांनी तर श्रवणयंत्र आणलं होतं. दादाला नाही म्हणता येत नाही. तो दारात कुरकुर करतो आणि आत येऊन पान्हा शोधतो. तर नव्या घरी विचारलं की सांगायचं, "ऑफिसात आहे." कुठल्या ऑफिसात, ते त्यानं ठरवलं नव्हतं.

जागा खाली करायची तारीख अगदी तोंडावर आली तेव्हा एजंटनं शेवटचं घर दाखवलं. दोन मोठ्या खोल्या, दोन्हीकडे खिडक्या, माझ्या दुकानापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि भाडं ऐकून वहिनीनं पुन्हा विचारलं. गोम अशी होती की घर सातव्या मजल्यावर, आणि लिफ्ट कित्येक वर्षं बंद. जाळीच्या दारावर पाटी होती, "लिफ्ट बंद आहे", आणि पाटीलासुद्धा गंज चढला होता. इमारतीच्या मालकांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "लिफ्ट बंद म्हणून एवढं भाडं. चालू झाली की भाडं या भागात बाकीचे देतात तेवढं." लिफ्टच्या कंपनीनं त्यांना नवी लिफ्ट बसवायचा खर्च सांगितला होता, आणि तेव्हापासून त्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

दादा जाळीतून आत डोकावून बराच वेळ उभा राहिला. वहिनीनं हळूच विचारलं, "अहो, होईल का दुरुस्त?"

"होईल की. मोटर चांगली आहे. काही रविवार लागतील."

"आणि मग?"

"मग भाडं वाढेल आणि आपण पुन्हा रस्त्यावर."

म्हणजे बघा, सगळ्या शहरात आम्हाला परवडणारं एकच घर, तेही लिफ्ट बंद आहे म्हणून, आणि ती चालू करू शकणारा माणूस आमच्याच घरात. देवाला विनोद सुचतात ते असे. दादानं घर घेतलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आमचा हरी जिन्याचे पाय धरून बसला.

आईला वर आणायला जवळजवळ सगळी सकाळ गेली. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी खुर्ची बाहेर काढून दिली. त्या इमारतीची ती पद्धतच होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची, आणि खुर्चीवर बसलं की जवळचं दार उघडणारच. चौथ्या मजल्यावरच्या बेकरीवाल्या काकांनी तिला पाणी दिलं. सहाव्यावरच्या नर्सबाईंनी तिची नाडी बघितली आणि म्हणाल्या, "आता एकच मजला राहिला. आमच्याकडे येत जा हं." आई वर पोचली, खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "छान आहे रे. वारा आहे." त्यानंतर ती खाली रस्त्यावर उतरली नाही.

पहिले काही महिने दादा स्वतःवर खूश होता. रोज येता-जाता तो त्या लिफ्टकडे असं बघायचा, जसं काही ती त्याची नावडती नातेवाईक आहे. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं तो मला बजावायचा. कुणी ऑफिसाबद्दल विचारलं तर "कागदपत्रांचं काम असतं" असं म्हणायचा, आणि नखांतलं काळं तेल लपवायला हात खिशात घालायचा. आईला विचारलं, "कंटाळा येतो का गं?", तर ती म्हणायची, "मला काय करायचंय खाली? खाली काय ठेवलंय माझं?" आम्हाला ते खरं वाटलं. खरं म्हणजे खरं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग एका संध्याकाळी दादा आणि मी बरोबरच घरी येत होतो. सहाव्या मजल्यावरच्या खुर्चीत आई बसली होती. तिनं बाहेर जायचे कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते, पायात चपला होत्या, आणि मांडीवर पर्स होती.

"इथे काय करतेस?" दादानं विचारलं.

"फिरायला आले होते," आई म्हणाली. "आता निघालेच घरी."

नर्सबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "रोज येतात. पर्स घेऊन. मी म्हटलं, पर्स कशाला, तर म्हणाल्या, बाहेर जाताना पर्स हवीच."

आईनं कठड्याला धरून उठता उठता त्याला विचारलं, "खाली ऊन उतरलं का रे?" एवढंच. मला रडू आलं, आणि मी दादाकडे बघितलं नाही, कारण त्याचंही काही वेगळं चाललं नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्या मजल्यांवरच्या लोकांना जिन्यात जमवलं आणि गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं, "मी ऑफिसात नाही. मी लिफ्टची कामं करतो."

"ठाऊक आहे," बेकरीवाले काका म्हणाले.

दादाला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं.

"अहो, ठाऊक आहे," नर्सबाई म्हणाल्या. "तुमचा कामाचा शर्ट दर आठवड्याला माझ्या खिडकीसमोर वाळत असतो. पाठीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिफ्टच्या कंपनीचं नाव आहे. तुम्ही राहायला आलात तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो. म्हटलं, हा माणूस उत्साहात लिफ्ट सुरू करतो आणि आमची भाडी वाढवतो."

म्हणजे हा त्यांच्यापासून लपवत होता, आणि ते सगळे, आपल्याला कळलंय हे याच्यापासून लपवत होते. वहिनी हसून हसून पायरीवरच बसली. दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता, पण त्यानं आईच्या पर्सचं सांगितल्यावर सगळ्यांचं हसणं थांबलं. शेवटी बेकरीवाल्या काकांनी तोडगा काढला. लिफ्ट दुरुस्त करायची, पण पाटी काढायची नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यापुरती चालवायची, आणि मालकांना कळू द्यायचं नाही. मालक स्वतः कधी येत नाहीत. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून भाडं न्यायला कारकून येतो. सगळ्यांना हे पटलं. सगळ्यांना पटलं की मला भीती वाटते, पण मी गप्प बसले.

दादा रविवारमागून रविवार त्या लिफ्टमध्ये शिरून बसला. काम चालू असताना तो लिफ्टला शिव्या देत होता, आणि मधूनच "शाब्बास" म्हणत होता. अखेर एका रविवारी सकाळी ती वर-खाली फिरली. त्यानं ती रिकामी कितीतरी वेळा फिरवली, मग स्वतः बसून, मग भिंतीला कान लावून. आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही.

"आई, पर्स घे," तो म्हणाला.

आईला आत स्टुलावर बसवलं. सोबत मी. दादा वर मशीनच्या खोलीत थांबला. मी बटण दाबून प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवायची, असं त्यानं सांगितलं होतं. सातवा, सहावा, पाचवा, चौथा असं करत आम्ही तिसऱ्या मजल्यावर थांबलो, आणि जाळीतून मला मालक दिसले.

ते जिन्यातल्या खुर्चीत बसले होते, लालबुंद, घामाघूम, एक हात छातीवर. कशासाठी आले असतील ते मला तेव्हाच कळलं. आमच्या न्हाणीघराचं छत गळतं म्हणून दादानंच त्यांना फोन करकरून भंडावून सोडलं होतं. "एकदा स्वतः येऊन बघा," असं म्हणाला होता. त्यांना यायला हाच रविवार सापडला.

मी आतला दिवा मालवला, आईच्या तोंडावर बोट ठेवलं. मालकांचे डोळे मिटलेले होते. अजून थोडा वेळ श्वास रोखून धरला तर ते उठून पुढचा जिना चढायला लागतील आणि घर वाचेल. मी मनात म्हणत होते, उठा आता, उठा. ते उठले, दोन पायऱ्या चढले आणि भिंतीला टेकून खोकायला लागले.

आईनं माझं बोट बाजूला केलं आणि जाळी उघडली.

"अहो, कशाला जीव काढताय," ती म्हणाली. "या आत."

मालक वळले. त्यांनी पाटी बघितली, मग आईला बघितलं, मग पुन्हा पाटी. मग ते आत आले. मी कपाळाला हात लावला. आईनं त्यांना स्टूल दिलं आणि मला म्हणाली, "खालचं बटण दाब."

"मला वर जायचंय," मालक म्हणाले.

"जाऊ की. पण आधी खाली. मी वर्षभर वाट बघितलीय."

तीन मजले चढून आलेला माणूस तेच तीन मजले खाली आला. वाटेत त्यांनी विचारलं, "कुणी केली ही?"

"मुलानं."

"मावशी, मग भाड्याचं बघावं लागेल. ठरलंच होतं तसं."

"बघा की. तो वरच आहे, बोला त्याच्याशी," आई म्हणाली. "फक्त एवढं ध्यानात असू द्या, ज्याला चालू करता येते त्याला बंदही करता येते. आणि छत अजून गळतंय, म्हणजे तुम्हाला पुन्हा यावं लागणार."

आमची आई कधी कुणाला उलटून बोललेली मला आठवत नाही. मालक तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना खोकला आला की हसू, ते मला नीट सांगता येणार नाही.

भाडं वाढलं. खोटं कशाला सांगू, वाढलं. पण जेवढं भ्यायलो होतो त्याच्या पाव, आणि लिफ्ट दादानं सांभाळायची या बोलीवर. आता सगळी इमारत त्याच्या दारात येते, पंख्यांसकट. तो कुरकुर करतो आणि पान्हा शोधतो. आईनं मूठ उघडली म्हणून तिला कुणी बोल लावला नाही. बेकरीवाले काका दोन दिवस फुगून बसले होते, आणि तिसऱ्या दिवशी पिठाची गोणी घेऊन लिफ्टमधून वर आले.

त्या रविवारी मात्र आई आणि मी दारातून बाहेर पडलो, तेव्हा ती पायरीवर थांबली आणि तिनं मला विचारलं, "बाजार कुठल्या हाताला?" वर्षभर त्या पत्त्यावर राहत होती ती. मी तिला बाजार दाखवला, माझं दुकान दाखवलं, बस थांबते ती जागा दाखवली. तिनं दोन लिंबं घेतली, पर्स उघडली आणि पैसे स्वतः दिले. परत येताना ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मान वर करून आमची खिडकी बराच वेळ बघत राहिली.

घरी आल्यावर दादानं विचारलं, "मग? काय बघितलंस?"

"आपलं घर बघितलं खालून," आई म्हणाली. "केवढं उंच आहे रे. मला वर्षभर वाटत होतं, मीच म्हातारी झाले."

दादा वळून न्हाणीघरात गेला आणि छत कुठे गळतंय ते बघत बसला. लिंबं टेबलावर होती. आईनं चपला काढून दाराशी ठेवल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना धूळ लागलेली होती.