स्वेच्छेचा फॉर्म

आमच्या कॉलेजच्या कॅप्टनने आधी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं. मग अब्बांना म्हणाला, "बसा चाचा."

अब्बा रास अल खोरच्या वर्कशॉपमधून अर्धी सुट्टी टाकून तसेच आले होते. पॅन्टला ग्रीस. ते त्या पेपरवर बसले. वर "थँक्यू साहेब" म्हणाले. माझ्या बॅचमधल्या बाकीच्यांचे वडील आले की हाच माणूस त्यांना 'सर' म्हणतो. माझे अब्बा चाचा. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असून.

इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका एव्हिएशन कॉलेजात मी कॅडेट ऑफिसर. शेवटचं वर्ष. प्रवेश घेतानाच बॉण्ड लिहून दिलाय: पास झाल्यावर आठ वर्षं कॉलेज चालवणाऱ्या कंपनीची नोकरी, मध्येच सोडायची नाही. शाखा दोन, फ्लाइंग आणि ग्राउंड. बॉण्ड दोन्हींना सारखाच. शाखा ठरते निवड परीक्षेच्या गुणांवर. फ्लाइंगच्या जागा सहा. मी चौथी आले. सातवा आला एका बड्या कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा.

नियमाने मला कुणी हटवू शकत नव्हतं. हटायचं तर मीच. त्यासाठी एक फॉर्म असतो. 'मी स्वेच्छेने ग्राउंड शाखा निवडत आहे.' खाली सही. तो मी दोनदा कोरा परत केला, म्हणून अब्बांना बोलावलं होतं.

कॅप्टन पुण्याचा. मराठी ऐकून अब्बा खुलले. आमच्या लोकांची हीच चूक. इथे कुणी आपली भाषा बोललं की तो आपला. त्याने गाव विचारलं. अब्बांनी रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव सांगितलं.

"म्हणजे खलाशी मंडळी. चाचा, तुम्ही लोक पाण्यावरचे. पोरीला आभाळात कशाला पाठवता?"

आणि हसला. अब्बाही हसले.

माझे आजोबा जहाजाच्या इंजिनखोलीत होते. जगभरची बंदरं त्यांनी फक्त ऐकली. हसण्यासारखं त्यात काय होतं?

मग त्याने समजावलं. आठ वर्षं तर द्यायचीच आहेत, ग्राउंडला देऊ दे. एसी ऑफिस, ठरलेली ड्युटी, मुलगी संध्याकाळी घरी. लग्नालाही बरं. कॉन्ट्रॅक्टरच्या मुलाचं नावसुद्धा काढलं नाही. अब्बा मान डोलवत होते. शेवटी पेन त्यांनीच माझ्यापुढे धरलं.

"सही कर बाळा. खलास. साहेब आपले आहेत."

कॅप्टनपेक्षा जास्त चीड मला त्या क्षणी अब्बांची आली. हे खोटं का सांगू? इतकी वर्षं खाली मान घालून काढली, आता माझीही मान धरून वाकवतायत.

मी त्यांना उठायला सांगितलं. त्यांना कळेना. दंडाला धरून उठवलं. खुर्चीवरचा पेपर ओढला, चुरगळला, कचऱ्याच्या डब्यात टाकला. म्हटलं, आता बसा. ते बसले नाहीत. उभेच राहिले, भिंतीला टेकून.

मी कॅप्टनला म्हणाले, "सर, इथे 'स्वेच्छेने' लिहिलंय. माझी इच्छा नाही."

तो लगेच इंग्रजीवर आला. माझा ॲटिट्यूड, शिस्त, फाइलवर शेरा. मी म्हटलं, लिहा, खाली तुमचं नाव टाका. तेव्हा परत मराठीत, हळू आवाजात:

"आठ वर्षं आमच्याच हाताखाली आहेस. विसरू नकोस."

अब्बांनी मला पिकअपमधून इंटरनॅशनल सिटीला घरी आणलं. बिल्डिंगखाली गाडी लावून एवढंच विचारलं, कोर्समधून काढलं तर?

तीन आठवडे झाले. शाखांची यादी लागलेली नाही. फॉर्म माझ्या टेबलावर पुन्हा आणून ठेवतात, मी पुन्हा कोरा परत करते. मी थकेन याची ते वाट बघतायत.

आठ वर्षं मी देणार. लिहून दिलीत, एक दिवस कमी करणार नाही. पण माझी जागा त्या मुलाला द्यायची असेल तर त्यांनी ती सगळ्या बॅचसमोर हिसकावून घ्यावी, स्वतःच्या सहीने. माझी सही मिळणार नाही.